वजा दहा

सिस्टरच्या घरात पाच घड्याळं होती आणि त्यांतलं एकही खरं बोलत नव्हतं. बिघडलेली होती असं नाही, मुद्दाम तशी ठेवलेली होती. हॉलमधलं मोठं घड्याळ दहा मिनिटं पुढे, स्वयंपाकघरातलं सात, बाथरूमच्या दाराशी टांगलेलं पाच, आणि सिस्टरचा फोन किती पुढे ते फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक. पाचवं घड्याळ लॅपटॉपमधलं. ते पुढे नव्हतं, चांगलं सोळा वर्षं मागे होतं, पण त्या सकाळपर्यंत तिकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

हा सगळा कारभार नवऱ्याचा. एकतीस वर्षं त्यांनी एका शाळेत घंटा वाजवली होती. मुलं त्यांना घंटामामा म्हणत, निवृत्त झाल्यावर गल्लीही तेच म्हणू लागली, आणि आता तर बँकेतला कारकूनही "या घंटामामा" म्हणून खुर्ची देतो. उशिराचं त्यांना इतकं वावडं की लग्नाला, दवाखान्यात, कुठेही जायचं असो, ते अर्धा तास आधी जाऊन यजमानांची पंचाईत करत. घड्याळ पुढे ठेवलं की माणूस वेळेत पोचतो, हे त्यांचं आयुष्यभराचं शास्त्र. त्यात एक पोटकलमही होतं. घड्याळ किती पुढे आहे ते कळलं की माणूस मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि पुन्हा लोळत पडतो. म्हणून बायकोच्या फोनचा आकडा ते दर महिन्याला गुपचूप बदलत, आणि विचारलं तर सांगत नसत. स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ त्यांनी निवृत्तीच्या दिवशी काढून ठेवलं ते कायमचं. त्यांचा सगळा भरवसा हॉलमधल्या घड्याळावर. सेल बदलताना एकदा दहा मिनिटं पुढे लावलं की वर्षभर त्याला हात लावायला नको.

सिस्टर म्हणजे त्यांची बायको. सव्वीस वर्षं नर्सची नोकरी केल्यावर तिचं नाव गल्लीत कोणाला आठवत नव्हतं. नवराही लाडात आला की सिस्टर म्हणायचा, चिडला की जरा जास्तच. वॉर्डात तिच्या हातून कागदावर उतरलेली वेळ मिनिटाने चुकत नसे. इंजेक्शन सहा दहा, सलाईन आठ पस्तीस, ताप नऊ वाजता एकशे एक. घरी आलं की मात्र सगळा अंदाजपंचे कारभार. कुठलं घड्याळ किती खोटं हे आठवायचे कष्ट तिने केव्हाच सोडून दिले होते. घंटामामा पहाटे उठून हॉलमधलं घड्याळ बघत आणि आत हाक मारत, "ऊठ गं, पाच वाजले." ती उठे. पुढे काय वाजलं ते ती बघत नसे, एकामागून एक कामं उरकत जाई आणि शेवटचं काम संपलं की चपला घालून निघे.

अकरा वर्षं असं चाललं होतं. दोन बस बदलून जायचं, दिवसभर उभं राहायचं, दोन बस बदलून यायचं. संध्याकाळी परतल्यावर पायातल्या चपला काढायला वाकायचं म्हणजे तिला डोंगर चढण्याएवढं वाटे. गेले तीन आठवडे तर पहिली बस तिला पळतच गाठावी लागत होती. काम तेच, रस्ता तोच, तरी बस तिच्या आधी हजर. पाय मंदावले आपले, वय झालं, असं तिने मनाशी धरलं आणि कोणाला सांगितलं नाही.

आणि आता, अकरा वर्षांत पहिल्यांदा, घरापासून चालत सात मिनिटांवर असलेल्या रुग्णालयात एक जागा रिकामी झाली होती.

एकच जागा. बदल्यांचं पान दर तीन वर्षांनी उघडायचं आणि ह्या वेळी ते आज, सकाळी दहाला उघडणार होतं. जो आधी बटण दाबेल त्याची जागा. दहाच्या आधी बटण दाबलं तर खातं अर्ध्या तासासाठी बंद. मागच्या खेपेला तिच्या वॉर्डातल्या एका सहकारिणीचं तसंच झालं होतं, आणि ती बाई अजून त्याच दोन बसने येते. फोनवर ते पान धड दिसत नसे, बटण कडेला कुठेतरी दडून बसे, म्हणून लेकीने लग्नानंतर मागे ठेवलेला जुना लॅपटॉप काढायचा ठरला. सिस्टरने रजा टाकली. बावन्न वर्षांची होती ती. पुढचं पान उघडेल तेव्हा पंचावन्नची असेल आणि निवृत्तीला तीन वर्षं उरली असतील, म्हणजे मग जागा मिळाली काय आणि न मिळाली काय.

सासूबाईंना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं की त्या शेजारणींपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगणार, आणि नाही झालं तर महिनाभर जो येईल तो हळहळून जाणार. "काम झालं की सांगू आईला," असं घंटामामांनी ठरवून टाकलं होतं.

सव्वानऊला लॅपटॉप उघडला. तो रडतखडत सुरू झाला आणि पानाचा पत्ता टाकल्यावर पडद्यावर लाल त्रिकोण आला. खाली लिहिलं होतं, तुमचं घड्याळ मागे पडलं आहे.

"कोणाचं मागे पडलंय?" घंटामामा खेकसले. हा त्यांना सरळसरळ अपमान वाटला.

सिस्टरने कोपऱ्यातल्या बारीक आकड्यांवर चष्मा नेला. साडेपाच वाजले होते, आणि वर्ष त्यांची लेक चौथीत होती तेव्हाचं. तिने पुन्हा पत्ता टाकला, पुन्हा त्रिकोण. घंटामामांनी तिच्याच फोनवरून गल्लीच्या टोकाच्या लॅपटॉपवाल्याला फोन लावला आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"काका, आतली नाण्याएवढी बॅटरी गेलीय," लॅपटॉपवाला म्हणाला. त्याचंही दुकान नुकतंच उघडलं असावं, मागे शटरचा आवाज येत होता. "बंद केला की वेळ विसरतो तो. बॅटरी नंतर आणून द्या, बदलतो. आत्ता हाताने तारीख आणि वेळ टाका, पान उघडेल. घड्याळावर टिचकी मारा. तिथे 'आपोआप' असं बटण दिसेल, ते आधी बंद करा. तारीख टाका. वेळ टाका. मग ते बटण परत चालू करा, म्हणजे उरलीसुरली चूक तो स्वतः सुधारून घेईल."

"चूक कशाला राहील?" घंटामामा म्हणाले.

"राहते हो काका थोडीफार."

"माझ्याकडून नाही राहत," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सिस्टर टेबलाशी बसली होती, बोट बाणाच्या बटणावर. तिने वर्ष पुढे आणलं, महिना आणला, तारीख आणली. लेकीची चौथी, दहावी, कॉलेज, लग्न असं सगळं पडद्यावरून भराभर सरकून गेलं आणि तिला उगाचच दमल्यासारखं वाटलं.

"वेळ सांगा," ती म्हणाली.

घंटामामा हॉलच्या मधोमध उभे राहिले. समोरच्या भिंतीशी दिवाण, दिवाणावर सासूबाई पाय पसरून बसलेल्या, आणि त्यांच्या डोक्यावर ते मोठं घड्याळ. घंटामामांनी मान वर केली. शाळेत घंटेजवळ उभे राहत तसेच उभे होते, हात मागे बांधून.

"नऊ त्रेचाळीस," ते पुटपुटले. "वजा दहा. तेहतीस."

"अरे," सासूबाई म्हणाल्या, "ते घड्याळ..."

"आई, आत्ता मध्ये बोलू नकोस. कामात आहोत."

"नाही, मी म्हणते, त्या घड्याळाला..."

"आई!"

सासूबाई गप्प झाल्या. मुलगा ओरडला की त्या ऐकू न आल्यासारखं करत, आणि सगळ्यांना वाटे की त्यांना खरंच कमी ऐकू येतं. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

"नऊ तेहतीस टाक," घंटामामांनी सांगितलं. सिस्टरने टाकलं. पान उघडलं. तिचं नाव, हुद्दा, सेवेची वर्षं, सगळं अगदी सुरळीत दिसलं, आणि खाली राखाडी रंगाची ओळ, दहा वाजता पुन्हा या. तिने श्वास सोडला.

"ते आपोआपचं बटण परत चालू करायला सांगितलंय ना त्याने?" तिने विचारलं.

"कशाला? वेळ आपण बघून टाकलीय. आता पुन्हा यंत्राला कशाला विचारायचं? त्याने ती सोळा वर्षांची माती केलीच ना मघाशी?" घंटामामांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले. सिस्टरनेही वाद घातला नाही. पान उघडलं होतं, त्याला आता हात लावायची तिची छाती होत नव्हती.

मग वाट बघणं. हे तिला चांगलं जमायचं. सलाईनचे थेंब मोजत तिने आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवली होती. लॅपटॉपवर नऊ चाळीस झाले. तिची नजर टेबलावरच्या फोनवर गेली. फोनवर दहा वाजून पाच झाले होते.

"यावेळी फोन किती पुढे केलात हो?" तिने विचारलं.

"ते सांगितलं तर उपयोग काय?"

"नाही, बराच दिसतोय."

"असू दे बराच. सकाळी उठतेस की नाही वेळेवर?"

पंचवीस मिनिटं, ती मनात म्हणाली. पंचवीस! कमालच केली या माणसाने. तिला हसूही आलं आणि कंटाळाही. तिने फोन पालथा घातला.

नऊ पन्नास. नऊ पंचावन्न. रुग्णालय कसं असेल याचा विचार करायचा नाही असं तिने ठरवलं होतं, तरी तो विचार आलाच. सात मिनिटं चालत. म्हणजे सव्वासहाला उठलं तरी चालेल. साडेसहाला. चहा बसून पिता येईल. बसून चहा पिण्याची ती कल्पना तिला इतकी चैनीची वाटली की तिने ती लगेच दूर सारली.

"नऊ एकोणसाठ," घंटामामा म्हणाले. त्यांनी शाळेत कित्येक हजार वेळा हे एक मिनिट मोजलं होतं. त्यांचा हात आपोआप वर गेला, जणू दोरी धरायला. "आता... दाब!"

तिने दाबलं. चाक फिरलं. पान उघडलं, आणि तिने तिच्या रुग्णालयाचं नाव शोधलं. नावासमोर लाल अक्षरं होती. ही जागा भरली आहे. १०:०१.

शेजारच्या खुर्चीतून घंटामामा पुढे वाकले.

"दहा वाजून एक मिनिट?" घंटामामा म्हणाले. "अजून दहा वाजून एक मिनिट झालेलंच नाही. आत्ता कुठे दहा वाजतायत. त्यांचं घड्याळ पुढे आहे! वाजवायच्या आधीच मधली सुट्टी दिली लेकाच्यांनी!"

वॉर्डात एखाद्या पेशंटचे आकडे एकमेकांशी जुळेनात की सिस्टरच्या मानेवर काटा येई, तसा आला. तिने घड्याळावर टिचकी मारली, आपोआपचं ते बटण शोधलं आणि चालू केलं. क्षणभर काही झालं नाही. मग कोपऱ्यातले आकडे गुपचूप बदलले. दहा बारा.

घंटामामांनी मान वळवून हॉलमधल्या घड्याळाकडे बघितलं. तिथेही दहा बारा. त्यांच्या हिशेबाने तिथे दहा बावीस असायला हवे होते. एकतीस वर्षांत त्यांनी एकही घंटा चुकवली नव्हती, आणि आज बायकोची चुकवली होती, दहा मिनिटांनी.

"या घड्याळाला कोणी हात लावला?" ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता.

सासूबाईंनी पाय जवळ घेतले. "मी," त्या म्हणाल्या. "तेच तर सांगत होते मघाशी."

"तू? तुझा हात कसा पोचला तिथे?"

"दिवाणावर चढले."

"ब्याऐंशीव्या वर्षी?"

"भिंतीला धरून चढले. पडले का? नाही ना पडले?" सासूबाईंचा आवाज आता कापू लागला होता. त्या मुलाकडे बघत नव्हत्या, सुनेकडे बघत होत्या. "मला चारला जाग येते. पडून असते इथे. ही उठते ती डोळे मिटूनच. एक दिवस बघितलं, तोंडात ब्रश तसाच, आणि भिंतीला डोकं टेकून उभ्या उभ्या झोपलेली. हाक मारली तर दचकली. म्हटलं, हा काय प्रकार झाला? हा तिला रोज खोटे पाच वाजवून उठवतो. म्हणून दहा मिनिटं मागे घेतलं. खरं लावलं. तेवढीच दहा मिनिटं पडेल बिचारी."

"आणि मला सांगितलं नाहीस?" घंटामामा उठून उभे राहिले. आता मात्र त्यांचा आवाज चढला. "तिची बदली गेली, आई! इथली जागा होती, चालत जायची! तीन वर्षं पुन्हा नाही! तुझ्या त्या दहा मिनिटांपायी..."

"कुठली बदली?" सासूबाईंनी विचारलं.

घंटामामा लॅपटॉपकडे बघू लागले.

"कुठली बदली? मला कोणी सांगितलं होतं का बदलीचं?" सासूबाई मुलाकडून सुनेकडे आणि सुनेकडून मुलाकडे बघत राहिल्या. मग त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई. अगं, माझ्यामुळे झालं का हे?"

"अहो, पुरे," सिस्टर नवऱ्याला म्हणाली. "ओरडू नका त्यांच्यावर."

तिला स्वतःला ओरडायचं होतं. कोणावर तरी, पोटभर. अकरा वर्षं, आणि आता सहा वर्षं आणखी, त्याच दोन बस, तोच पहाटेचा अंधार. तीन आठवडे ती पाय मंदावले म्हणून मनात खंतावत होती आणि पाय बिचारे ठीक होते. नवऱ्यावर ओरडावं तर त्याने वजाबाकी अगदी बरोबर केली होती. फोनचा आकडा सांगितला असता तर? ते बटण चालू केलं असतं तर? पण फोन तर तिनेच पालथा घातला होता. बटण तिलाही दाबता आलं असतं. आणि सासूबाईंवर?

"किती दिवस झाले, आई?" तिने विचारलं.

"बावीस," सासूबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. "मोजलेत मी. मला बरं वाटायचं गं सकाळी, तू आत झोपलेली असायचीस तेवढा वेळ. चुकलं माझं."

सिस्टर जाऊन दिवाणाच्या कडेवर बसली. जे मनात होतं तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं. "आई, मला फार वाईट वाटतंय. खोटं कशाला बोलू? फार वाईट वाटतंय मला." मग ती म्हणाली, "पण या घरात मला लवकर उठवायला सगळे. माहेरीही तसंच. उशिरा उठवावं असं आजवर तुमच्याशिवाय कोणाला सुचलं नाही." आणि मग तिलाही रडू आलं. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि घंटामामा हॉलच्या मधोमध उभे होते, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

थोड्या वेळाने तिने तोंड धुतलं. लॅपटॉप मिटला. "रजा आहेच," ती म्हणाली. "मी जरा पडते."

आतल्या खोलीत तिने पडदा ओढला आणि अंग टाकलं. झोप लगेच येईना. बाहेर एकदा चमचा वाजला, एकदा दिवाण करकरला. मग तिचा फोन वाजला, टेबलावरच, आणि तिने डोळे न उघडताच ओळखलं की वॉर्डातून असणार. कोणीतरी आलेलं नसणार, आणि रजा असली तरी तेवढं दुपारपुरतं याल का, असं विचारणार. ती नेहमी जात असे. नाही कसं म्हणायचं ते तिला अजून शिकता आलं नव्हतं.

घंटामामांनी फोन उचललेला तिला ऐकू आला.

"हो, मीच बोलतोय," ते म्हणाले. मग पलीकडचं ऐकत राहिले. "नाही. नाहीये ती घरी. बाहेर गेलीय." हे बोलताना ते दोनदा अडखळले. आयुष्यभर खोटी घड्याळं लावलेल्या या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती. "कधी येईल?"

सासूबाईंनी हळूच काहीतरी सांगितलं, शब्द कळले नाहीत.

"उशीर होईल," घंटामामा म्हणाले. "बराच उशीर होईल तिला."

उठून जावं, फोन घ्यावा, येते म्हणून सांगावं, असं सिस्टरला वाटलं. ती उठली नाही.